फॉर्म ‘पाठवला’ म्हणतो, मेल येत नाही
आपलं संकेतस्थळ : भाग ९

रायपूरच्या तात्यापारा, बुढापारा या जुन्या वस्त्यांत मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. अशा शहरातल्या कुठल्याही संस्थेचं बरंचसं काम आता ऑनलाइन फॉर्मवर चालतं : वधू-वर परिचय मेळाव्याची नोंदणी, गणेशोत्सवातल्या स्पर्धा, सभागृहाचं आरक्षण. समजा, अशाच एका संस्थेनं आपलं वर्डप्रेसचं संकेतस्थळ नव्या क्लाउड सर्व्हरवर हलवलं. पानं झटपट उघडू लागली. फॉर्म भरला की ‘आपला संदेश पाठवला आहे’ असं हिरव्या चौकटीत दिसतं. फक्त कार्यवाहांच्या इनबॉक्समध्ये काहीच येत नाही.

अशा वेळी पहिला संशय प्लगइनवर जातो. ते काढून दुसरं बसवलं जातं, मग तिसरं. बहुतेकदा ही मेहनत वाया जाते, कारण प्लगइननं आपलं काम केलेलं असतं. वर्डप्रेस मेल स्वतः पोचवत नाही. ते तो सर्व्हरवरच्या टपाल-प्रणालीच्या हाती देतं. पोस्टफिक्ससारख्या प्रणालीनं तो ठेवून घेतला की वर्डप्रेसच्या लेखी मेल ‘गेला’. पुढे पोस्टफिक्स पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर पडायला बघतं आणि तिथे होस्टिंग कंपनीची भिंत लागते. ते थांबून पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा थांबतं. मूळ सेटिंग बदललं नसेल तर हे पाच दिवस चालतं. नंतर ‘मेल पोचला नाही’ असा निरोप परत येतो, पण तो सहसा कुणी कधी न उघडणाऱ्या पत्त्यावर जातो.

ही भिंत उगाच बांधलेली नाही. मेलच्या देवाणघेवाणीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले, तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. पाठवणारा खरा कोण, हे विचारण्याची सोय त्या नियमांत नव्हती. पुढे स्पॅमवाल्यांनी हीच उणीव हेरली. भाड्यानं घेतलेल्या किंवा घुसखोरी केलेल्या सर्व्हरवरून एका रात्रीत प्रचंड मेल सुटतात, त्या सर्व्हरचा आयपी पत्ता काळ्या यादीत जातो, आणि काही वेळा आसपासच्या पत्त्यांचा पूर्ण पट्टा सोबत जातो. शेजारच्या निर्दोष ग्राहकाचे मेलही मग अडतात. म्हणून कंपन्यांनी दारच लावून टाकलं. ग्राहकाला याचा त्रास होतो हे खरं, पण हा निर्णय योग्यच म्हणावा लागतो. तक्रार करायचीच तर ती एवढीच, की ही बंदी खातं उघडतानाच ठळक अक्षरांत सांगायला हवी.

प्रत्येक कंपनीचं धोरण वेगळं. गुगल क्लाउडवर बाहेर जाण्यासाठी २५ बंद असतं, मेल पाठवण्याची दुसरी दोन पोर्टं, ४६५ आणि ५८७, मोकळी असतात. ॲमेझॉनच्या सर्व्हरवर २५ सुरुवातीला बंद असतं आणि ते उघडण्यासाठी अर्ज करता येतो. डिजिटल ओशनवर तिन्ही बंद. लिनोडनं नोव्हेंबर २०१९ पासूनच्या नव्या खात्यांना हेच बंधन घातलं. नवा रायपूरमध्ये ३ मे २०२५ रोजी रॅकबँक या कंपनीच्या एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. पण सर्व्हर उद्या घराशेजारी आला तरी पोर्टचा नियम अंतरावर ठरत नाही, सेवा देणाऱ्या कंपनीवर ठरतो.

दोष नेमका कुठे आहे हे त्रुटीचा संदेशच सांगतो, फक्त तो वाचावा लागतो. वर्डप्रेसचे मेल जीमेलसारख्या बाहेरच्या मेल-सर्व्हरमार्फत पाठवणाऱ्या डब्ल्यूपी मेल एसएमटीपी या प्लगइनमध्ये चाचणी मेल पाठवायची सोय आहे. तिथे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आणि ११० हा आकडा आला, तर फायरवॉल गुपचूप सगळं गिळते आहे असं समजावं. बंद पोर्टची ही सर्वांत नेहमीची खूण. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि १११ म्हणजे समोरून थेट नकार. ५३५ आला तर पासवर्ड किंवा वापरकर्त्याचं नाव चुकलं आहे. हा आकडा पाहून लोक घाबरतात, पण त्यात एक चांगली बातमी असते : पोर्ट उघडं आहे, समोरच्या सर्व्हरशी बोलणं झालं. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही, सोळा अक्षरी ॲप पासवर्ड लागतो.

सर्वांत फसवी त्रुटी सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची. प्लगइनमध्ये जीमेलचा सर्व्हर लिहिलेला असतो आणि संदेश म्हणतो, प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही. सीपॅनेल या नियंत्रण-पटलावर चालणाऱ्या काही सर्व्हरांवर बाहेर जाणारी जोडणी परस्पर त्याच सर्व्हरच्या मेल-प्रणालीकडे वळवली जाते. प्लगइन जीमेलला हाक मारतं आणि ओ देतो भलताच. अशा वेळी प्रमाणपत्राची तपासणी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो अजिबात मानू नये. तसं केलं तर जीमेलचा पासवर्ड अनोळखी हाती पडेल.

चाचणी सर्व्हरवरूनच करावी. घरच्या लॅपटॉपवरून ५८७ उघडं दिसलं, तर त्यातून घरच्या इंटरनेटबद्दलच कळतं.

मग वाट कोणती? होस्टिंग कंपनीला विचारणं ही पहिली. ती नाही म्हणाली तर ब्रेव्हो, मेलगन, सेंडग्रिड अशा सेवा २५२५ या पोर्टवरही मेल स्वीकारतात, आणि ते बहुतेक ठिकाणी अडवलेलं नसतं. त्याहून भरवशाची वाट एपीआयची, म्हणजे प्लगइननं मेलसेवेशी थेट वेबवरून बोलण्याची. तिथे मेल ४४३ वरून, म्हणजे संकेतस्थळं ज्या पोर्टवर चालतात त्यावरूनच जातो, आणि ते सहसा कुणी बंद करत नाही. छोट्या संस्थेनं थेट हीच निवडावी.

बाहेर पडलेला मेल इनबॉक्समध्ये पोचण्यासाठी डोमेनच्या नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी, लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं हे नियम आणखी कडक केले आहेत. शिवाय फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता प्रेषक म्हणून लावू नये. याहूनं एप्रिल २०१४ मध्येच जाहीर केलं, की याहूच्या नावानं परक्या सर्व्हरवरून आलेले मेल नाकारावेत. प्रेषकाचा पत्ता संस्थेच्याच डोमेनचा असावा, आणि भरणाऱ्याचा पत्ता उत्तराच्या रकान्यात.

राहिला प्रश्न मधल्या दिवसांत हरवलेल्या नोंदणीचा. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे फॉर्मचं प्लगइन भरलेली माहिती स्वतः साठवत नाही. त्यासाठी त्याच लेखकाचं फ्लॅमिंगो हे प्लगइन आधीपासून बसवलेलं असावं लागतं. ते नसेल, तर पाच दिवसांच्या आत पोस्टफिक्सची रांग पाहावी. अडकलेले मेल तिथे शाबूत असतात. पोस्टफिक्सला २५२५ वरून मेलसेवेचा रस्ता दाखवला आणि रांग पुढे ढकलली, की ते एकेक करून कार्यवाहांकडे पोचतात. त्याआधी सर्व्हर पुसून नव्यानं उभारण्याची घाई मात्र करू नये.