मेंढा लाखांचा, लोकर कवडीची

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष माळरानांना आणि पशुपालकांना वाहिलं. त्याआधी जून २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आनेसीच्या महोत्सवात सुरेश एरियत यांच्या 'देसी ऊन' या ॲनिमेशनपटाला परीक्षकांचं पारितोषिक मिळालं. दख्खनी लोकरीची दैना सांगणारा हा पट त्याच लोकरीच्या बाहुल्या करून घडवला आहे. एवढं झाल्यावर 'आजीची घोंगडी आणि तुमची हौस, यातून उभं करा करिअर' अशा सल्ल्यांना तोटा राहिलेला नाही. सल्ला वाईट नाही. पण तो सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या बाजारात तपासून घ्यावा.

डिसेंबर २०२० मध्ये आटपाडीतल्या एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली. मालकाने दीड कोटी सांगितले आणि मेंढा काही दिला नाही. ही बातमी देशभर गाजली. तिच्यामागचं गणित मात्र कुणी उलगडलं नाही. जत तालुक्यातली ही माडग्याळ जात उंचीपुरी, पोपटनाकी, मटणासाठी नावाजलेली, लोकर जेमतेम. घोंगडीला लागते ती काळी, दाट लोकर दख्खनी मेंढीची. पैसा मटणात आहे म्हटल्यावर धनगर माडग्याळीकडे वळले. त्यात त्यांचं काय चुकलं? दख्खनी मेंढ्या अजून कातरतात, कारण कातरल्यावाचून जनावराला सुख नाही. पण कातरलेली लोकर पुष्कळदा तिथेच टाकून दिली जाते.

घोंगडी होते कशी, हेही एकदा जवळून पाहावं. लोकर पिंजायची, धनगरणींनी सूत कातायचं, मग सनगर विणकराने ते मागावर चढवायचं. त्याआधी ताणा गल्लीत लांबच लांब ताणून त्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, टरफल काढून वाटायचे, शिजवायचे आणि ती लापशी कुंच्याने सुतावर ओढत न्यायची. खळीमुळे नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते. शहरी गिऱ्हाईक हात लावून नाक मुरडतं ते यामुळे. चार पावसाळे अंगावर गेले की तीच मऊ पडते. अगदी लहान कोकरांच्या पहिल्या कातरणीची, जावळाची घोंगडी मात्र मुळातच मऊ, म्हणून महाग.

यात सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात कमी मोबदल्याचं काम कातणीचं. इथे एका पोलिश गृहस्थाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांच्या ओळखीने मॉरिस फ्रीडमन नावाचा इंजिनियर बंगळूरहून औंधात आला. वॉर्साचा हा माणूस भगवी वस्त्रं घेऊन भारतानंद झालेला. औंधच्या १९३९ च्या स्वराज्य घटनेत त्याचा मोठा वाटा होता. आटपाडीजवळची कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, हीदेखील त्याच काळातली. 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामुळे ती सर्वांना ठाऊक आहे. फ्रीडमनची धनुष टकळी मात्र विस्मरणात गेली. चाक नाही, मोठा खर्च नाही. एका हाताने धनुष्य पुढे-मागे करायचं, त्याच्या घासण्याने चाती फिरते आणि दुसऱ्या हाताने सूत ओढायचं. गांधीजींना ती फार आवडली होती. टकळी कापसासाठी होती, लोकरीसाठी नव्हे. पण आजच्या डिझायनर मंडळींनी त्याची नजर उसनी घ्यायला हरकत नाही. त्याने आधी कातणाऱ्या हाताचा वेळ पाहिला, मग सूत. आपण नक्षी, टॅग आणि 'वारसा' यांपासून सुरुवात करतो.

दुसरी गोष्ट मला स्पष्टच सांगायची आहे: दख्खनी लोकरीचे स्टोल विणणं बंद करा. ही लोकर जाड आणि टोचरी आहे. मेरिनोशी तिची स्पर्धा लावणं म्हणजे तिला मुद्दाम हरवणं. गालिचे, आसनं, नमद्याच्या पिशव्या, भिंतीवरची कामं, यांत तिचा जाडेपणा कामाला येतो. काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या स्वाभाविक रंगांवरच घर चालवता येईल असं काम कुणी उभं केलं, तर ते करिअर.

सरकारचं म्हणाल, तर २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत. शिंपी आहे, हातमागाचा विणकर नाही. विणकरांची खाती वेगळी, मेंढ्यांची वेगळी. रांजणी आणि दहिवडीला मेंढी महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत, म्हणजे आटपाडीच्या दोन्ही अंगांना जनावर आहे. म्हसवडला चेतना सिन्हांची माणदेशी बँक १९९७ पासून बायकांना कर्ज देते आहे. म्हणजे पैसा, जनावर आणि हात तीस-चाळीस कोसांच्या आत आहेत. कमी आहे तो लोकरीची प्रतवारी करून ठरल्या दराने ती विकत घेणारा. हौशी कलाकाराने पहिलं वर्ष मागावर बसण्याऐवजी या कामात घालवलं, तर कातणाऱ्या बाईला तासाचे किती द्यायचे, हे त्याला किंमत लावण्याआधीच कळेल.