राज्याचा जन्मदिवस

महाराष्ट्राचा स्थापना दिन १ मे, हे आपणास ठाऊक आहे. राजस्थानात हा मान अनेक वर्षे ३० मार्च या तारखेला होता. परंतु एखादे राज्य एका दिवसात घडते काय? चाकसू या गावाच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

चाकसू जयपूरच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. स्वातंत्र्यापूर्वी ते जयपूर संस्थानात होते. टोंक हे निराळे संस्थान होते. २५ मार्च १९४८ रोजी कोटा, बुंदी, टोंक इत्यादी संस्थानांचा राजस्थान संघ स्थापन झाला. जयपूर मात्र त्यात नव्हते. त्यामुळे एकाच रस्त्यावरील ही दोन गावे वर्षभर दोन राजवटींत राहिली.

३० मार्च १९४९ रोजी जयपूर, जोधपूर, बिकानेर व जैसलमेर ही मोठी संस्थाने सामील झाली आणि विशाल राजस्थान अस्तित्वात आले. सरदार वल्लभभाई पटेल यांनी जयपुरात त्याचे उद्घाटन केले. हिरालाल शास्त्री मुख्यमंत्री झाले. चाकसू आणि टोंक आता एकाच राज्यात आले.

तरीही घडण पूर्ण झाली नव्हती. अलवर, भरतपूर, धौलपूर व करौली यांचा मत्स्य संघ मे १९४९ मध्ये विलीन झाला. अजमेर तर १ नोव्हेंबर १९५६ रोजी आले. राज्यपुनर्रचनेच्या त्याच दिवशी मराठवाडा व विदर्भ मुंबई राज्यास जोडले गेले.

३० मार्च १९४९ या दिवशी चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे आपला गुढीपाडवा होता. म्हणून राजस्थान दिन यापुढे याच तिथीस साजरा करावा, असे तेथील शासनाने २०२५ साली ठरविले. तिथी मानली, की इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. पंचांगांतही भेद असतो. चाकसूजवळच्या टेकडीवर शीतलामातेची जत्रा चैत्र वद्य अष्टमीस भरते. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. म्हणून आपल्या पंचांगात तोच दिवस फाल्गुन वद्य अष्टमी ठरतो.

सारांश, स्थापना दिन हा दीर्घ प्रक्रियेतील एक महत्त्वाचा टप्पा असतो. कोणता टप्पा निवडायचा आणि तो कोणत्या कालगणनेने मोजायचा, हे समाज ठरवितो.

उपक्रम : आपले गाव १९४७ पूर्वी कोणत्या राजवटीत होते आणि आजच्या राज्यात केव्हा आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.