एक बेट, एक रिसॉर्ट
बेटांचं अर्थकारण : लेखांक ५

मागच्या लेखांकात मॉरिशसची साखर पाहिली. मालदीवकडे विकायला तेवढंही नव्हतं. बेटं सुमारे १,१९२, त्यांतली वस्तीची जेमतेम दोनशे. ऊस पिकावा एवढी माती कुठेच नाही. टूना मासा पकडायचा, शिजवून-सुकवून श्रीलंकेला पाठवायचा, हाच पिढीजात व्यापार. १९६०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी तर इथे पर्यटन जमणार नाही, असा निर्वाळाच दिला होता. त्यांची कारणं खोटी नव्हती. साधी बँकही नव्हती. ती आली १९७४ मध्ये, भारतीय स्टेट बँकेच्या शाखेच्या रूपानं.

तरीही जॉर्ज कॉर्बिन हा इटालियन पर्यटन व्यावसायिक कोलंबोत अहमद नसीम या तरुण मालदिवी अधिकाऱ्याला भेटला आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये त्यानं इटालियन पर्यटकांची पहिली तुकडी आणली. हॉटेल नव्हतंच, त्यामुळे पाहुणे राजधानी मालेतल्या घरांत राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका निर्जन बेटावर ‘कुरुंबा’ हे पहिलं रिसॉर्ट उघडलं. वर्षअखेरीस देशात दोन रिसॉर्ट होती, खाटा मिळून २८०.

पुढचं सगळं गणित ‘निर्जन’ या अटीवर उभं राहिलं. बेट सरकारी मालकीचं. ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर एकाच उद्योजकाला द्यायचं. जेटी, वीज, समुद्राचं पाणी गोडं करण्याचं यंत्र, कामगारांच्या खोल्या, सगळा खर्च त्यानं करायचा. तिजोरीत खडखडाट असलेल्या सरकारला पायाभूत सोयींवर पैसा न घालता भाडं मिळू लागलं. दुसरा फायदा सामाजिक होता. देश मुस्लिम; वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी. पाहुणे वेगळ्या बेटावर असल्यानं मद्यालय आणि मशीद यांचा संबंधच येईना. १९८१ मध्ये मालेजवळचा हुलहुले विमानतळ आंतरराष्ट्रीय विमानांसाठी सज्ज झाला आणि युरोपातून थेट विमानं येऊ लागली. दूरच्या प्रवाळद्वीपांची वाट पुढे सी-प्लेननं मोकळी केली.

पण या व्यवस्थेत रिसॉर्टशेजारच्या गावाला काय मिळालं? तरुणांना नोकरी, तीही घरापासून महिनोन्‌महिने लांब. भाजी, अंडी, तांदूळ आयात; बरेचसे कामगार परदेशी. पाहुण्याचा डॉलर गावातल्या दुकानापर्यंत पोहोचायचाच नाही, कारण पाहुणाच गावात यायचा नाही.

राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्या सरकारनं २००९ च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊसना परवानगी दिली आणि ही विभागणी सैल झाली. एरवी तुरुंगासाठी ओळखलं जाणारं माफुशी काही वर्षांत गेस्ट हाऊसचं मुख्य ठिकाण झालं. आता घरमालक, स्पीडबोटवाला, डायव्हिंग शिकवणारा, अशी कमाई विखुरली. मुंबईहून बेतानं खर्च करून जाणाऱ्या कुटुंबालाही मालदीव परवडू लागलं. दारूबंदी मात्र कायम. पोहण्याचे कपडेही गावात चालत नाहीत; आडोसा केलेला वेगळा किनारा, हा त्यावरचा तोडगा.

२०२४ मध्ये २० लाखांहून अधिक पर्यटक आले. देशाची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. २०२३ मध्ये भारतीय पहिल्या क्रमांकावर होते. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांबद्दल केलेल्या शेऱ्यांवरून समाजमाध्यमांवर उठलेल्या वादानंतर त्यांची संख्या झपाट्यानं घसरली, चिनी पर्यटक पुढे गेले, आणि एकूण आकडा तरीही वाढला. एका बाजारपेठेवर विसंबायचं नाही, हे मालदीवनं पुरतं साधलं आहे.

साधलेलं नाही ते खर्चाचं वाटप. रिसॉर्टचा भाडेकरू आपल्या बेटाचं पाणी आणि वीज स्वतः पाहतो. गेस्ट हाऊसच्या पाहुण्यांचा भार मात्र गावाच्याच विहिरींवर, गटारांवर आणि कचरा-व्यवस्थेवर पडतो. मालेजवळचं थिलाफुशी हे बेट तर १९९० च्या दशकापासून कचऱ्याच्या भरावानंच वाढत गेलं. पाहुण्यांकडून दर रात्रीमागे घेतला जाणारा हरित कर याचसाठी आहे. तो छोट्या गेस्ट हाऊसमध्ये रिसॉर्टपेक्षा कमी असतो. छोट्या व्यावसायिकाला ही सवलत हवीच. पण ती देताना गावाच्या वाट्याला कमी पैसा आणि जास्त घाण येणार नाही, हे मालेतल्या सरकारलाच पाहावं लागेल.

पुढील लेखांक : प्रवाळ पांढरं पडतं तेव्हा