नाळेला चिमटा लावायचा, पण कधी?

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्हावरे लागते. घोडगंगा साखर कारखान्याचे गाव अशी त्याची ओळख. गावात ग्रामीण रुग्णालयही आहे. अशा एखाद्या रुग्णालयातून बाळंतीण घरी येते, बाळाचे दुपटे सोडले जाते आणि आजीची नजर आधी जाते ती बेंबीवरच्या प्लास्टिकच्या चिमट्याकडे. बाळाला तो टोचत नाही का? काढायचा कधी? आंघोळ घालताना ओढला गेला तर? प्रश्न रास्त आहेत. मात्र या चिमट्याबाबतचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न बाळ घरी येण्याच्या कितीतरी आधी, जन्मानंतरच्या पहिल्या तीन मिनिटांत निकाली निघालेला असतो: तो लावला कधी?

आधी चिमट्याचे काम पाहू. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. दोन धमन्या बाळाकडून वारेकडे रक्त नेतात, एक शीर वारेकडून बाळाकडे आणते. भोवती जेलीसारखा घट्ट, बुळबुळीत थर असतो. नाळेत मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती कापताना आईला दुखत नाही आणि बाळालाही नाही. पूर्वी ती दोऱ्याने बांधत. अडचण अशी, की जेली सुकली की नाळ बारीक होते आणि दोरा सैल पडतो. प्लास्टिकच्या चिमट्याला आतून दाते असतात आणि टोकाला खटका. एकदा तो बसला की हाताने उघडत नाही. नाळ सुकत गेली तरी पकड राहते. निर्जंतुक पाकिटातून तो थेट नाळेवर जातो आणि एकदाच वापरायचा असतो.

लावायची जागाही ठरलेली आहे. बाळाच्या पोटापासून साधारण दोन ते तीन सेंटिमीटरवर चिमटा, त्यापुढे थोड्या अंतरावर शस्त्रक्रियेतला धातूचा चिमटा आणि दोहोंच्या मधे निर्जंतुक कात्रीने काप. कातडीला अगदी चिकटून लावत नाहीत, कारण क्वचित एखाद्या बाळाच्या नाळेच्या बुडाशी आतड्याचा छोटा भाग आलेला असतो. नाळ बुडाशी नेहमीपेक्षा जाड दिसली, तर जाणकार नर्स चिमटा थोडा लांबच लावते.

आता वेळेकडे वळू. बाळ बाहेर आले तरी वारेचे काम लगेच थांबत नाही. नाळ धडधडत असते आणि वारेत उरलेले रक्त बाळाकडे येत राहते. पहिल्या मिनिटात साधारण ८० मिलिलिटर, तीन मिनिटांपर्यंत सुमारे १०० मिलिलिटर. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच पाव लिटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते. आणि त्या रक्ताबरोबर लोहही येते. पहिले सहा महिने बाळ फक्त आईच्या दुधावर असते आणि आईच्या दुधात लोह फार थोडे. तेव्हा जन्मतः मिळालेली ही शिदोरीच त्याला पुरवायची असते.

महाराष्ट्राने याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हेच प्रमाण ५३.८ टक्के होते. त्याच पाहणीत राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसते. म्हणजे बाळ जन्मते तेव्हा प्रशिक्षित माणूस समोर उभा असतो, फक्त त्याने मिनिटभर थांबायचे असते. नुसत्या थांबण्याने रक्तक्षय हटणार नाही, आईचा आहार आणि बाळाचा वरचा आहार यांना पर्याय नाही. पण याइतका बिनखर्ची उपाय दुसरा सापडणे अवघड.

मग घाई आली कुठून? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी काही कृतींचा एक संच रूढ झाला. आईला गर्भाशय आकुंचन पावण्याचे इंजेक्शन द्यायचे, नाळ लगेच बंद करायची, वार नियंत्रित रीतीने बाहेर काढायची. पुढे अभ्यासातून कळले, की रक्तस्राव रोखण्याचे खरे काम इंजेक्शन करते. नाळ लगेच बंद केल्याने आईला काही लाभ होत नाही. पण हाताला लागलेली सवय सुटत नाही, शिवाय पुढची बाई टेबलाची वाट पाहत असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने नाळ एक मिनिटाच्या आत बंद करू नये, असे सांगितले आहे. आपल्या 'अॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमातही नाळ उशिरा बंद करण्याचा समावेश आहे. आईचे इंजेक्शन मात्र वेळेवरच द्यायचे, नाळेसाठी ते थांबवायचे नाही.

याला अपवाद आहेत. बाळ रडले नाही, अंग पुसून-चोळूनही श्वास घेईना, तर त्याला हवा देण्यासाठी नाळ लगेच कापावी लागते. तिथे डॉक्टरांशी मिनिटांचा हिशेब घालू नये. उशिरा नाळ बंद केलेल्या बाळांपैकी काहींना काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवण्याची गरज किंचित जास्त पडते, म्हणून पहिल्या दिवसांत बाळ पिवळे दिसते का, यावर लक्ष हवे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना थांबण्याचा फायदा आणखी मोठा: २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात अशा बाळांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. सिझेरियनमध्येही बहुतेक वेळा थांबता येते. नाळेतले रक्त पैसे भरून साठवायच्या जाहिराती शहरात गर्भवतींच्या हाती पडतात. ते रक्त बाळाच्या अंगात गेले तर आजच कामाला येते, हे सही करण्याआधी विचारात घ्यावे.

शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. गळिताच्या हंगामात बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या फडाशेजारी कोप्या टाकून राहतात आणि त्यांत दिवस भरलेल्या बायकाही असतात. वाटेत किंवा कोपीवरच बाळ झाले, तर नाळ कापण्यासाठी विळा, कोयता, जुने ब्लेड शोधू नये. १०८ला फोन करावा. बाळ कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून पांघरूण घालावे. नाळ ओढू नये. वार आपोआप पडली तर ती स्वच्छ पिशवीत घालून बाळाशेजारीच ठेवावी. नाळ काही वेळ जोडलेली राहिल्याने बाळाचे बिघडत नाही. मळक्या पात्याने कापली तर मात्र धनुर्वाताचे जंतू थेट नाळेच्या जखमेत जातात.

या रोगाने एके काळी असंख्य बाळे नेली. जंतू मातीत आणि शेणात असतात. कापायला मळके पाते आणि वर लावायला राख किंवा शेण, म्हणजे त्यांना आयते आमंत्रणच. बाळ आठवडाभराचे होते न होते तोच दूध ओढेनासे होई, जबडा आवळे, अंग ताठे. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोरावर २०१५ साली भारतात हा रोग नगण्य पातळीवर आल्याचे प्रमाणित झाले.

तरीही बेंबीवर काहीतरी लावायची खोड जात नाही. हळद, खोबरेल, काजळ, पावडर, कुणी सांगितलेले मलम. यांतले काहीही नको. नाळ उघडी आणि कोरडी ठेवावी. लंगोट बेंबीच्या खाली दुमडावा म्हणजे लघवीने ती भिजत नाही. नाळ पडेपर्यंत अंग ओल्या फडक्याने पुसले तरी पुरते. चिमटा आपल्याकडे बहुधा नाळेबरोबरच गळतो, काही रुग्णालयांत नाळ सुकल्यावर तो काढून देतात. घरी तो उघडायचा किंवा ओढायचा प्रयत्न करू नये. नाळ साधारण पाच ते पंधरा दिवसांत पडते. ती काळी पडणे, पडताना रक्ताचा एखादा थेंब दिसणे यात काही वावगे नाही.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरावीक दिवशी घरी येतात. या गृहभेटींची मूळ कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामातून आली, देशभर ती नंतर गेली. ताई आल्या की त्यांना बेंबी उघडून दाखवावी. बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन ती लाली पसरू लागली, पू आला, घाण वास सुटला, रक्त थांबेना, किंवा बाळ दूध पिईना, मलूल झाले, अंग तापले वा गार पडले, तर आशाताईंच्या फेरीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तीन आठवड्यांनंतरही नाळ पडली नसेल तरी डॉक्टरांना दाखवावे.

राहिला पहिल्या मिनिटाचा प्रश्न. तो कळा सुरू झाल्यावर काढण्यासारखा नाही. आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीला जाल, तेव्हाच नर्सताईंना किंवा डॉक्टरांना विचारून ठेवा, "बाळ रडत असेल तर नाळ किती वेळाने कापता?"