एकाच दांड्यावर तेल आणि ठिणगी

विलिस जीपच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर उजव्या अंगाला आहे आणि ऑइल पंप डाव्या अंगाला, ब्लॉकच्या बाहेरून बसवलेला. वरवर पाहता दोघांचा काही संबंध नाही. पण ब्लॉकच्या पोटात कॅमशाफ्टवरचा तिरक्या दात्यांचा गिअर पंपाचा दांडा फिरवतो, त्या दांड्याच्या टोकाला खाच आहे आणि डिस्ट्रिब्युटरची जीभ त्या खाचेत बसते. तेल आणि ठिणगी दोन्ही एकाच दांड्यावर चालतात. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘गो-डेव्हिल’ या २.२ लिटरच्या, ६० अश्वशक्तीच्या इंजिनाची ही मांडणी पुढे ‘हरिकेन’मध्येही राहिली. महिंद्राच्या जीपमधून ती आपल्याकडच्या गॅरेजांच्या हाताखालून गेली. मूळचा डिस्ट्रिब्युटर ऑटो-लाइटचा, तरी मिस्त्री त्याला ‘डेल्को’च म्हणत आले.

चालती जीप एकाएकी बंद पडते. ना फटाके, ना आचके. किल्ली काढावी तशी गप्प. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण एकही ठिणगी नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कॉइलकडे आणि कंडेन्सरकडे जातो. माझे म्हणणे असे, की कोणताही भाग बदलण्याआधी डेल्कोचे झाकण काढावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, इग्निशन बंद करावे आणि एकाने पुढून हँडल सावकाश फिरवावे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत रोटरची एक फेरी व्हायला हवी, घड्याळाच्या उलट दिशेने. रोटर फिरत असेल तर पॉइंट, कॉइल, वायर तपासावी. तो जागचा हलला नाही, तर करंटचा शोध तिथेच थांबवावा. दोष ड्राइव्हमध्ये आहे.

आता ड्राइव्हमध्ये नेमका कुठे? इथे ही जोडगोळी उपयोगी पडते. चारही प्लग काढून सेल्फ मारावा आणि डॅशवरच्या तेलाच्या काट्याकडे पाहावे. काटा वर चढला तर पंप फिरतो आहे, म्हणजे दांडा आणि गिअर शाबूत. डेल्कोची जीभ किंवा तिची पिन तुटली आहे. काटा पडूनच राहिला, तर पंपाच्या दांड्यावरच्या गिअरची पिन गेली, दाते झिजून गेले, किंवा कॅमशाफ्टच फिरत नाही. शेवटची शंका प्लगच्या भोकावर अंगठा धरून फिटते: हँडल फिरवताना दाब अंगठा ढकलत नसेल, तर आधी पुढच्या टायमिंग चेनकडे किंवा गिअरकडे पाहावे.

अर्धवट झीज मात्र फसवी असते. गाडी चालते, पण टायमिंग लाइट मारला की खूण एका जागी ठरत नाही, नाचते. रोटर हाताने फिरवून सैलपणा पाहतात, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका दिशेने तो थोडा फिरून स्प्रिंगने परत येतो, ती अॅडव्हान्सची चाल आहे, झीज नव्हे. दांडा आडवा हलला तर बुश गेले. मागे-पुढे फिरून परत न येता सैल राहिला तर जीभ, खाच किंवा गिअर.

तुटलेली पिन नवी घालून गाडी सोडून देणे, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. पिन विनाकारण तुटत नाही. डेल्कोच्या बुशला तेलाचे चार थेंब मिळाले नसतील तर दांडा कोरडा पडून अडकतो. पंपात कचरा शिरला असेल तर सगळा भार गिअरवर येतो. डेल्कोचा दांडा आणि पंप हाताने फिरवून पाहावेत, पंप उघडावा आणि सुटलेला तुकडा ऑइल पॅनमधून शोधून काढावा.

पंप काढण्याआधी पहिल्या नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून रोटरची दिशा खुणेने नोंदवावी. जीभ मध्यापासून किंचित सरकवलेली असल्याने डेल्को खाचेत एकाच बाजूने बसतो, पण पंपाचा गिअर एक दाता पुढे-मागे सहज बसतो, आणि मग १-३-४-२ हा क्रम बरोबर असूनही वेळ चुकते. परत बसवताना पंप तेलाने भरून घ्यावा. प्लग न लावता सेल्फ मारावा, काटा वर चढू द्यावा. झाकण आणि प्लगच्या वायरी त्यानंतरच जोडाव्यात.