नेट गेले, तरी ठिपका चालतो कसा?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नांदेडहून लातूरला एका मंगल परिणयासाठी निघालो होतो. भाड्याची जीप, लहान-मोठी मिळून नऊ माणसे आणि गाडी चालवायला आमचाच भाचा. लोहा मागे पडले. माळाकोळीच्या पुढे त्याच्या समोर अडकवलेल्या मोबाइलचे नेट गेले आणि नकाशा पांढरा पडला. पण निळा ठिपका मात्र त्या पांढऱ्या पडद्यावर चालतच होता! मागच्या सीटवरून मावशीने विचारले, "आरं, नेट गेलं म्हणतूस, मग आपुन कुठं हाव ते त्याला कोण सांगतंय?"

भाच्याला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही नाही. आपल्या घराघरांतली पोरे आज जीप, टेम्पो, रुग्णवाहिका, टॅक्सी चालवून कुटुंब पोसतात. त्यांचा धंदा ज्या यंत्रावर चालतो, ते यंत्र कसे चालते हे घरात ठाऊक असलेले बरे. म्हणून जाणत्यांना विचारून, वाचून जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहिली गोष्ट ही, की यात तीन वेगवेगळी कामे आहेत. गाडी कुठे आहे हे कळणे, नकाशा दिसणे आणि पुढच्या रस्त्याची ताजी खबर मिळणे. यातल्या पहिल्या कामाला इंटरनेट लागतच नाही.

जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. ही व्यवस्था अमेरिकेने उभारली आणि ती १९९५ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक घड्याळ असते. 'मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले' एवढाच निरोप तो सतत पाठवत राहतो. निरोप पोहोचायला किती वेळ लागला यावरून मोबाइल उपग्रहाचे अंतर काढतो. निदान चार उपग्रहांचे निरोप मिळाले, की जागा कळते. हिशेब किती बारीक, तर घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते! आपल्या इस्रोनेही 'नाविक' ही अशीच व्यवस्था उभारायला घेतली आणि तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला.

हे सारे रेडिओसारखे आहे. आकाशवाणी ऐकताना आपण केंद्राला काही कळवत नाही, तसेच मोबाइल उपग्रहाला काही कळवत नाही, नुसता ऐकतो. त्याला पैसे पडत नाहीत. मावशीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. नेट गेले, पण आकाश कुठे गेले होते?

नकाशाचे मात्र तसे नाही. रस्ते, गावे, पूल यांचे चित्र एक तर यंत्रात आधी साठवलेले असावे लागते, नाही तर वाटेत टॉवरवरून उतरवून घ्यावे लागते. आमच्या भाच्याने ते साठवले नव्हते, म्हणून पडदा पांढरा पडला.

तिसरे काम, म्हणजे पुढे वाहने तुंबली आहेत का, किती वेळ लागेल, हे सांगणे. ते नेटशिवाय होत नाही. त्याच रस्त्यावरच्या इतरांच्या मोबाइलचा वेग बघून हा अंदाज बांधला जातो. पुण्या-मुंबईत मोबाइल हजारो, म्हणून अंदाज बरा ठरतो. आडवळणाच्या रस्त्यावर वाहनेच थोडी, तिथे त्याच्यावर फार विसंबू नये.

गाडीला नेट मिळते ते तीन प्रकारे. एक, मोबाइल केबलने किंवा बिनतारी जोडून त्याचाच नकाशा गाडीच्या पडद्यावर आणायचा. दोन, मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून गाडीच्या यंत्राला नेट द्यायचे. या दोन्हींत खर्च आपल्याच रिचार्जमधला, आणि व्हिडिओच्या मानाने तो फारच थोडा. तिसरा प्रकार म्हणजे गाडीतच सिम बसवलेले असते. २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू, एम. जी. हेक्टर या गाड्या अशा सोयीसह बाजारात आल्या. तिथे बहुधा पहिली काही वर्षे वर्गणी किमतीत धरलेली असते, पुढे ती भरावी लागते. अशी गाडी जुन्या बाजारात घेताना एक गोष्ट विसरू नका. आधीच्या मालकाचे खाते काढून टाकून घ्या. नाही तर गाडी तुमची, पण ती कुठे उभी आहे हे त्याला घरबसल्या दिसेल.

नोकरीत चालक असलेल्यांनी आणखी एक जाणून घ्यावे. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांत जागा कळवणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण बसवणे केंद्र सरकारने बंधनकारक केले. रिक्षांना त्यातून सूट आहे. या यंत्रातही सिम असते. ते नुसते ऐकत नाही, कळवतेही. आपल्या बहिणी-लेकी रात्री एकट्या प्रवास करतात, त्यांच्यासाठी ते बटण मोलाचे आहे. गाडीत बसताच ते कुठे आहे हे बघून ठेवावे.

आता सावधगिरीचे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ नकाशा बघून रात्री निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या पुलावर शिरली. दोघे पोहून वाचले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी रामगंगेत कोसळली, तिघे गेले. उपग्रहाने जागा चुकवली नव्हती. नकाशा जुना होता. ठिपका खरा म्हणून रस्ताही खरा, असे समजू नका. पावसाळ्यात, रात्री, अनोळखी पुलाआधी उतरून माणसाला विचारा.

आपल्याकडे नावांचाही घोळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसली. तिकडे जाताना जुनी की नवी, हे आधी विचारून घ्यावे. उस्मानाबादचे धाराशिव झाले. आणि आपल्या वस्त्या? वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आणि समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावे सुचवली. ग्रामपंचायतीच्या फलकावर नाव बदलले, पण मोबाइलच्या नकाशावर बदलले का? तिथे जुनेच नाव राहिले, तर पाहुण्याला, बँकेच्या माणसाला, नवरीकडच्यांना तेच दिसत राहणार. कित्येक वस्त्यांना तर नकाशावर नावच नाही. रात्री-अपरात्री १०८ ला फोन केल्यावर चालकाने पोहोचायचे कसे?

यावर उपाय घरातच आहे. नकाशात चूक दिसली, की दुरुस्ती सुचवण्याची सोय तिथेच असते. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एक रविवार काढावा. वस्तीचे खरे नाव, विहार, अंगणवाडी, आत शिरायचा रस्ता नोंदवावा. लगेच मान्य झाले नाही, तर चार जणांनी पुन्हा कळवावे.

परतीला निघण्याआधी लातुरातच भाच्याने लग्नघरी बसून नांदेडपर्यंतचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घेतला. चाकूर गेले, शिरूर ताजबंद गेले, अहमदपूर गेले. माळाकोळीला नेट पुन्हा गेले, पण या वेळी रस्ता पडद्यावर जागचा हलला नाही. मावशीने तो डोळे भरून पाहिला आणि म्हणाली, "आता आपल्या वस्तीचं नाव बी घाल त्यात." त्याने ते त्याच रात्री घातले.