सह्याद्रीचा उडता बेडूक

राधानगरी म्हटले की कोल्हापूरकरांना गवा आठवतो. पण याच राधानगरी-आंबोलीच्या डोंगरपट्ट्यात, पावसाळ्यातील पानांवर, आठ-दहा सेंटिमीटर लांबीचा एक हिरवागार रहिवासी राहतो. तो म्हणजे मलबारी उडता बेडूक. शास्त्रीय नाव रॅकोफोरस मलबारिकस. जेर्डन यांनी १८७० मध्ये त्याचे वर्णन केले. पश्चिम घाटाबाहेर तो जगात कोठेही आढळत नाही.

'उडता' म्हटले तरी त्याला पंख नाहीत. मग तो उडतो कसा? एक प्रयोग करा. वहीचे दोन सारखे कागद घ्या. एकाचा बोळा करा, दुसरा पसरटच ठेवा आणि दोन्ही एकाच उंचीवरून सोडा. वजन सारखेच, तरी पसरट कागद उशिरा खाली येतो. कारण त्याला हवेचा विरोध अधिक होतो. या बेडकाच्या बोटांमध्ये नारिंगी-तांबडे पातळ पडदे असतात. उडी मारताच तो बोटे फाकवतो. त्यामुळे हवेला अडवणारे क्षेत्रफळ वाढते आणि तो तिरका तरंगत ९ ते १२ मीटर अंतर कापतो.

त्याची वीण याहूनही नवलाची आहे. मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर अंडी घालते. त्यांबरोबर स्रवणारा चिकट द्रव ती मागच्या पायांनी घुसळते आणि पांढऱ्या फेसाचे घरटे तयार होते. त्याचा बाहेरचा थर वाळतो, आतील ओलावा मात्र टिकतो. पाण्यातील मासे व किडे अंड्यांपर्यंत पोहोचू शकत नाहीत. काही दिवसांनी अंडी फुटतात, फेस पातळ होतो आणि बेडूकमासे टपटप खालच्या पाण्यात पडतात. त्यांना तेथे पोहोचविण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते!

परंतु गुरुत्वाकर्षण सरळ खालीच ओढते. म्हणून फांदी आणि डबके एका ओळंब्यात असावी लागतात. अंडी घातल्यावर डबके बुजवले, तर झाड शाबूत असूनही ती वीण वाया जाते. पाणी राहिले पण वरची फांदी छाटली, तरी तेच.

राधानगरी अभयारण्याचा २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. पण हा बेडूक मळ्यांत आणि बागांतही राहतो. त्याला हद्दीचे दगड कळत नाहीत. तेव्हा पावसाळ्यात पाण्यावरील फांदीला फेसाचा गोळा दिसला, तर त्याला हात लावू नका. लांबून पाहा, वहीत चित्र काढा, तारीख लिहा. आणि ती फांदी व ते डबके पावसाळाभर तसेच राहू द्या, एवढे घरच्या मोठ्या माणसांनाही सांगा.